दार उघडं आहे

परवा एका मुलीनं माझ्या उघड्या छातीवर थंडगार जेली फासली आणि म्हणाली, "आजोबा, डाव्या कुशीवर वळा आणि आता बोलू नका." यातलं पहिलं मला जमलं. तिच्या हातात दाढीच्या ब्रशाएवढा एक दट्ट्या होता. तो तिनं माझ्या बरगड्यांच्या फटीत टेकवला, तशी शेजारच्या पडद्यावर धुक्यासारखं काहीतरी हलायला लागलं. त्या धुक्यात दोन पातळ पाती दिसली. उघडायची, मिटायची. उघडायची, मिटायची. माझं हृदय इतकं कामसू असेल असं मला वाटलं नव्हतं. मालकाचा गुण त्याला लागलेला दिसत नाही.

"ही झडप," मुलगी म्हणाली. "छान उघडतेय. मिटतेयही नीट."

"इतक्यात कळलं?"

"दिसतंय ना समोर. आणि बोलू नका म्हटलं ना, आजोबा?"

मग मी खरंच गप्प बसलो. तिला वाटलं, म्हातारा ऐकायला शिकला. मी पडद्याकडं बघत होतो. झडप उघडत नाही की मिटत नाही, एवढ्या एका प्रश्नासाठी मी अकोला आणि अमरावती यांच्यामध्ये किती वेळा गाडीत बसलो असेन ते मलाही सांगता येणार नाही. तेव्हा असा पडदा नव्हता. होते ते दोन डॉक्टरांचे चार कान, आणि त्या चार कानांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

मी तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. साठचं दशक नुकतं लागलेलं. फळ्यावर मी घोडा काढला की पोरं "गाय, सर, गाय!" म्हणून ओरडत, आणि मी मुकाट्यानं त्याला शिंगं काढत असे. असल्या माणसाला लोकांनी मुलगी द्यायची म्हणजे मुलीकडच्यांची नजरही माझ्या चित्रांइतकीच असणार. मुलगी बार्शीटाकळीची. पाहायला गेलो तर ती पोह्यांची बशी घेऊन आली आणि समोर बसली. गोरी, सडपातळ, आणि गाल असे लाल की मी रंगपेटीतल्या वड्या मनातल्या मनात धुंडाळायला लागलो. थोडा गुलाबी, त्यात जांभळ्याचा एक थेंब. परत येताना बसमध्ये मी मित्राला म्हणालो, "काय लाजाळू मुलगी आहे रे! मी नुसतं नाव विचारलं तर केवढी लाजली!" मित्र म्हणाला, "तुझ्याकडं बघून कोणीही शरमेनं लाल होईल." आम्ही दोघंही चुकलो होतो, पण ते कळायला लग्न व्हावं लागलं.

अकोल्याला आमचं बिऱ्हाड माडीवर होतं. जिना अरुंद, मध्ये एक वळण, वळणावर खिडकी आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं पेरूचं झाड. ही पाण्याची कळशी घेऊन वर यायची ती त्या खिडकीशी हटकून थांबायची. कळशी खाली ठेवून पेरूच्या झाडाकडं बघत राहायची. मला भरून आलं. बार्शीटाकळीहून आलेल्या या मुलीला झाडापानांची केवढी ओढ! मी एका रविवारी बसून त्या पेरूचं चित्र काढलं, रंगवलं, चौकट केली आणि वरच्या खोलीत तिच्यासमोर टांगलं. तिनं ते नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "बाभूळ हाय का हे?"

रात्री उशी उंच करून बसायची. म्हणायची, "मले घाबरते."

आमच्याकडे जीव घुसमटला, छाती धडधडली, तरी माणूस 'घाबरते' असंच म्हणतो. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलेला. पण नव्या नवऱ्याच्या कानाला ऐकायचं तेच ऐकू येतं. मी छाती पुढं काढून म्हणे, "घाबरायचं काय? मी आहे ना!" ती माझ्याकडे बघे. त्या बघण्याचं भाषांतर मला फार पुढं जमलं.

एके दिवशी खोकताना तिच्या पदराला लाल ठिपका आला, आणि मग माझं शहाणपण संपलं.

अकोल्याचे डॉक्टर म्हणजे उंच, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी हिला डाव्या कुशीवर झोपवलं, डोळे मिटले आणि नळी लावून इतका वेळ ऐकत राहिले की मला वाटलं यांना झोप लागली. मग हिला विचारलं, "लहानपणी सांधे धरले होते?"

"हो. एक सारा पावसाया खाटेवरच काढला. या सांध्यातून त्या सांध्यात जाये दुखनं."

"तेव्हाच हृदयाला धक्का लागला," डॉक्टर मला म्हणाले. "हृदयाच्या डाव्या बाजूला एक दार आहे. त्याच्या फळ्या एकमेकींना चिकटल्या आहेत. दार पुरतं उघडत नाही. रक्त मागं फुफ्फुसात तुंबतं, म्हणून धाप. आणि हे गाल पाहिलेत? हा लाल रंग त्याचाच."

मी हिच्या गालांकडं बघितलं. ज्या रंगावर मी माझा संसार उभारला होता, तो रंग रोगाचा होता.

बाहेर रस्त्यावर आलो. टांग्याची वाट बघत दोघं उभे होतो. ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी पाह्यले आले होते ना, मी लाजलीच नव्हती."

"आता कळलं मला."

"लाजासारखं तुमच्यात होतं काय?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र मला स्पष्ट बजावून सांगितली होती. दार उघडत नसेल, तर मुंबईला छाती उघडून ते मोकळं करतात. नवी शस्त्रक्रिया आहे, जोखीम आहे, पण माणूस चालता होतो. दार मिटत नसेल, म्हणजे झडप गळत असेल, तर मात्र तीच शस्त्रक्रिया घात करते. गळणारं आणखी गळेल. मग त्याला त्या वेळी कुणाकडेच उपाय नव्हता. "माझा कान सांगतो, उघडत नाही," ते म्हणाले. "पण हिच्या जिवाचा प्रश्न आहे, एका कानावर मी पाठवणार नाही. अमरावतीला एकजण आहे. त्याच्यासारखा कान वऱ्हाडात नाही. त्याला दाखवा. फक्त मी पाठवलं असं सांगू नका."

"का?"

"आम्ही बोलत नाही."

दोघं नागपूरला एका बाकावर शिकलेले. बोलणं का बंद झालं याच्या अनेक कथा होत्या. त्यातली मला पटलेली अशी की पत्त्यांच्या डावात एकानं बदामाची राणी लपवली होती. हृदयाच्या डॉक्टरांनी बदामावरून भांडावं हे शोभूनच दिसलं.

अमरावतीला जाण्याआधी सावली पाहायची होती. सरकारी दवाखान्यात एक अंधारी खोली होती. तिथं माणसाला काचेच्या मागं उभं करत आणि पुढच्या काचेवर छातीच्या आतली सावली हलताना दिसे. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दुपारचं रणरणतं ऊन, आणि समोरून सावलीवाले डॉक्टर आले ते डोळ्यांवर लालभडक काचांचा मोठा चष्मा लावून. मी झटकन हिला मागं ओढलं. "जवळ जाऊ नको. यांचे डोळे आलेत." मग सभ्यपणानं डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, गुलाबपाणी घाला. माझ्या आत्याला दोन दिवसांत उतार पडला."

डॉक्टर थांबले. म्हणाले, "मास्तर, अंधारात दिसावं म्हणून आधीपासून लाल चष्मा घालावा लागतो. डोळे अंधाराला तयार होतात. तुमचेही तयार करून घ्या, आत कामाला येतील."

आले ते असे. त्या दिवसांत एक्स-रेच्या फिल्मा मुंबईहून यायच्या, आणि नसल्या की नसायच्या. त्या दिवशी नव्हत्या. मी ड्रॉइंग मास्तर असल्याचं कळल्यावर डॉक्टरांनी माझ्या हातात पारदर्शक कागद आणि मेणाची पेन्सिल दिली. काचेवर कागद धरायचा आणि सावलीच्या कडेनं रेघ ओढायची. तसं डॉक्टर स्वतःच करत. पण मास्तर हाताशी आहे म्हटल्यावर त्यांनाही हुरूप आला. हिला खडूच्या काल्यासारखं पांढरं औषध प्यायला दिलं. ते अन्ननळीतून उतरताना दिसतं, आणि फुगलेलं हृदय तिला कसं मागं ढकलतं ते कळतं. प्यायल्यावर अंधारातून हिचा आवाज आला, "इतके दिवस तुमी खडू हातालेच लावून येत होते. आता पोटातबी गेला."

आणि मग ती हिरवट सावली दिसली. मी जन्मभर हृदय म्हणून पत्त्यातला बदाम काढत आलो होतो. हे तसलं काही नव्हतं. एक बेढब, मोठं गाठोडं होतं, आणि ते धडपडत होतं. दुसऱ्या कोणत्याही शब्दात मला ते सांगता येत नाही. ते आत कोंडलेलं होतं आणि बाहेर यायला धडपडत होतं, आणि मी कडेकडेनं पेन्सिल फिरवत होतो. माझ्या सगळ्या चित्रांत तेवढंच एक चित्र हुबेहूब आलं.

ते चित्र गुंडाळून आम्ही पॅसेंजरनं बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला गेलो. अमरावतीचे डॉक्टर आमच्या आजोळच्या माहितीतले एक मुसलमान गृहस्थ. पांढरी दाढी, तोंडात अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी उर्दू. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"या अल्ला! मास्टर, तुमच्या बाईसायबाचं दिल तर उजवीकडं हाय!"

दार बिघडलेलं होतंच, आता घरच विरुद्ध बाजूला निघालं. मी खुर्ची धरून खाली बसलो.

ही शांतपणे म्हणाली, "चाचा, माहं काळीज जाग्यावरच हाय. यायचा कागद उलटा हाय."

डॉक्टरांनी कागद फिरवला. हृदय डावीकडं आलं. ते पोट धरून हसले. मीही हसलो, पण बसल्या बसल्याच.

मग त्यांनी ऐकलं. आधी बोटांनी छाती ठोकून पाहिली, माठ घेताना बायका ठोकतात तशी. मग नळी. मग त्यांचं हसू गेलं. "बेटा," ते हिलाच म्हणाले, "मले वाटते, दरवाजा लागत नाही. कडी बसत नाही. रक्त उलटं येते. ही सूं अशी हवा ऐकू येते मले. अकोल्यावाल्यानं काय सांगितलं?"

"अकोल्यावाले कोण?" मी म्हणालो.

"मास्टर, खोटं बोलायलेबी चेहरा लागते. त्यानंच पाठवलं ना? त्याले गडगड ऐकू आली असंल."

"हो," ही म्हणाली. "उघडत नाही म्हन्ते."

"मी म्हन्तो, लागत नाही." त्यांनी नळी गळ्यात टाकली. "आमच्यातला एकजण बहिरा हाय. आता कोण, ते तूच पाह्य."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. दार उघडत नसेल तर ती मुंबईला वाचेल. मिटत नसेल तर मुंबईला मरेल. आणि कुठंच नेलं नाही तर पेरूच्या खिडकीशी तिचा मुक्काम रोज थोडा वाढत जाईल. डब्यात एकजण संत्री सोलत होता आणि त्याच्या सालींचा वास येत होता. मला काहीही करता येण्यासारखं नव्हतं, आणि काहीच करता येत नसलं की मी काहीतरी करतो.

मी ओळखीच्या एका कंपाउंडरकडून जुनी नळी उसनी आणली. म्हटलं, त्यांचे चार कान भांडतात तर माझे दोन लावून बघू. हिच्या छातीवर नळी टेकवली आणि मला घाम फुटला. एक ठोका तर होताच, पण त्याच्या आत दुसरा होता, बारीक, भरभर. मी तसाच सदऱ्याची बटणं लावत अकोल्याच्या डॉक्टरांकडं पळालो. "डॉक्टर, दोन हृदयं चालताहेत!"

डॉक्टरांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "नळीचं तोंड कोणत्या हातानं धरलं होतं?"

"डाव्या."

"त्या हातातलं घड्याळ आधी काढा, मास्तर."

यानंतर मी एक बेत केला. आजवरच्या माझ्या बेतांत तो सगळ्यांत हुशारीचा होता, यावरून बाकीच्यांची कल्पना यावी. मूर्तिजापूरला माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं. अकोल्याचे डॉक्टर आत्याच्या घरी औषध देणारे, अमरावतीचे डॉक्टर नवरदेवाच्या घरी. दोघांनाही पत्रिका होत्या. दोघं एका मांडवात येणार. दोघांनी एकाच वेळी, एकाच छातीवर ऐकलं तर कुणीतरी एकजण तरी मान्य करील ना? मी दोघांनाही वेगवेगळं गाठून गयावया केली. दोघंही नळ्या खिशात घालून आले, आणि दोघांनीही दुसरा आला आहे हे न बघितल्यासारखं केलं.

जागा मी शोधली ती कोठी. मांडवामागची खोली, जिथं लग्नाचं सामान आणि लाडवांच्या पाट्या ठेवल्या होत्या. हिला तिथं सतरंजीवर झोपवलं, आत्याला दारात राखणीला बसवलं आणि दोन्ही डॉक्टरांना आत घातलं. बेतात एकच खोट राहिली होती. लग्नाला बँड असतो.

नवरदेव दारात आला होता आणि त्याचे मित्र घोड्यापुढं नाचत होते. कोठीच्या भिंती थरथरत होत्या. अकोल्याचे डॉक्टर कानातली नळी काढून म्हणाले, "मला ढोल ऐकू येतोय." अमरावतीचे भिंतीकडं बघत म्हणाले, "मलेबी." त्यांचं पहिलं एकमत ते.

मी बँडवाल्याकडं धावलो. "जरा थांबवा हो. आत एक हृदय ऐकायचंय."

क्लॅरिनेटवाल्यानं तोंडातून क्लॅरिनेट न काढता मान हलवली. ढोलवाला म्हणाला, "नवरदेव उतरल्याबिगर बंद करता येत नाही, भाऊ. अपशकुन होते. तुमीबी नाचा." आणि कुणीतरी माझा हात धरून मला घोड्यापुढं ओढलं. माझी बायको कोठीत डाव्या कुशीवर झोपली होती, तिच्या जिवाचा निकाल दोन नळ्यांत अडकला होता, आणि मी मूर्तिजापूरच्या रस्त्यावर खांद्यावर उपरणं टाकून नाचत होतो. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं, लाचारी म्हणजे काय, तर मी नाचता नाचता सांगितलं असतं.

शेवटी अंतरपाट धरला गेला आणि बँड थांबला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी कोठीत घुसलो. मांडवातून लांबून सूर येत होता, पण आत शांत होतं. दोन पांढरी डोकी हिच्या छातीवर ओणवी होती.

"सरक जरा," अकोल्याचे म्हणाले.

"तू सरक. जागा माही हाय."

इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतरचं ते पहिलं बोलणं. मग दोघंही डोळे मिटून स्तब्ध झाले. बाहेर "शुभमंगल सावधान" झालं. दुसरं अष्टक लागलं. मी हिच्याकडं बघितलं. ती छताकडं बघत होती, श्वास रोखून. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. तिच्या कपाळावर घाम होता आणि केसांत कुणीतरी टाकलेल्या दोन अक्षता. शेवटचं "सावधान" झालं, टाळ्या, आणि ताशानं पुन्हा कल्ला केला. दोघांनी नळ्या काढल्या.

"उघडत नाही," अकोल्याचे म्हणाले.

"लागत नाही," अमरावतीचे म्हणाले.

"तुला अजून ऐकू येत नाही."

"तुले अजून खेळता येत नाही."

दारातून आत्या म्हणाली, "काय वो, लाडू खराब झाले का? लोक विचारून राह्यले." गळ्यात नळ्या घातलेले दोन डॉक्टर कोठीत शिरलेले पाहून साऱ्या मांडवात बोभाटा झाला होता. त्या पंगतीत लाडवाला कुणी हात लावला नाही. आत्यानं तो राग माझ्यावर मरेपर्यंत धरला.

ही सतरंजीवर उठून बसली. पदर सारखा केला. विचारलं, "मुंबईले कसं पाह्यतात? तेबी कानानंच?"

दोघं डॉक्टर एकमेकांकडं बघायला लागले. मग अकोल्याचे म्हणाले, "नाही. हृदयाला बारीक छेद देऊन सर्जन आत बोट घालतो. बोटाला कळतं."

"आणि बोटाले समजलं का दार लागतच नाही, तर?"

"तर बोट काढून घेतो आणि शिवून टाकतो. आणि मग..."

"मग जे होते ते होते," ही म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं. "चाला मुंबईले. आता कान पुरे झाले. कोनी हात तरी लावून पाह्यन." मला हो म्हणायचं धाडस नव्हतं आणि नाही म्हणायला अक्कल पाहिजे होती.

मुंबईचं मी फार सांगणार नाही. एक लांब व्हरांडा होता, एक बाक होता, आणि मी होतो. तिला चाकांच्या खाटेवरून नेताना ती म्हणाली, "मले घाबरते." मी तोंड उघडलं. या वेळी मला शब्दाचा अर्थ ठाऊक होता: जीव घुसमटतोय. पण तिनं हलकेच मान हलवली आणि म्हणाली, "तसं नाई. घाबरते." दार बंद झालं. तोंडाशी आलेलं वाक्य, "मी आहे ना," ते मी बाकावर एकट्यानं म्हटलं.

सर्जन बाहेर आले तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि पहिला प्रश्न वेड्यासारखा विचारला: "उघडत नव्हतं की मिटत नव्हतं?" ती आहे का हे विचारायची हिंमत नव्हती.

सर्जनांनी आपलं बोट वर धरलं, जणू ते साक्षीदार आहे. "अरुंद होतं. टोकसुद्धा शिरेना. मी उघडलंय. त्या शुद्धीवर येतील." मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी मला धरलं. "ऐका. थोडं गळतंयसुद्धा. ते आधीचं की माझ्या बोटानं झालं, मला सांगता येणार नाही. आणि या फळ्या पुन्हा चिकटू शकतात. पण आज दार उघडं आहे."

मी तारघरात धावलो. दोघांना एकच तार करायची होती. मला सगळं लिहायचं होतं, पण तारेला शब्दागणिक पैसे पडतात, म्हणून सर्जनांचेच शब्द लिहिले: दार उघडे आहे. तारबाबूनं वाचून विचारलं, "चोरी झाली का हो घरी?"

परत आल्यावर मी अकोल्याच्या डॉक्टरांकडं गेलो. ते आयुष्यात प्रथमच हसत होते. "उघडलं ना? बंद होतं म्हणूनच उघडावं लागलं. मी म्हणत नव्हतो?" दुसऱ्या आठवड्यात अमरावतीला गेलो. तिथं चहा आला, बिस्किटं आली. "दरवाजा उघडाच हाय म्हनून तारच आली तुमची. लागत नव्हता ना! मी काय सांगितलं होतं?" दोघांनीही ती तार काचेखाली ठेवली होती. मी दोन्हीकडं मान डोलवली. अबोला तसाच राहिला, आणि आता तर दोघांकडं लेखी पुरावा होता.

आणि ही जिना चढायला लागली. एका दमात. खिडकीशी न थांबता. मी वर उभा राहून बघायचो, आणि ती म्हणायची, "काहून पाह्यता? पेरूचं झाड मी नाई, ते तिकडं हाय." रात्री उशी एकच पुरायची. आणि तिचे गाल उतरले. लाल रंग गेला आणि खाली साधा गव्हाळ गोरा रंग निघाला. मी तो रंग वड्या मिसळून कितीदा केला, पण चित्र काढायचं धाडस केलं नाही. ती पुन्हा विचारती, बाभूळ हाय का. तिच्या फिकट गालांकडं बघून मला जेवढा आनंद व्हायचा तेवढा जगात कुठल्या नवऱ्याला बायकोच्या फिकट गालांचा झाला नसेल.

दशक सरत आलं होतं. एका सकाळी मी दाढी करत होतो. ही खालून कळशी घेऊन वर आली. वळणावर पावलं थांबल्यासारखी वाटली, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. ती खोलीत आली, कळशी ठेवली, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात उभी राहिली.

तिचे गाल लाल होते. थोडा गुलाबी, त्यात जांभळ्याचा एक थेंब.

माझ्या हातात वस्तरा तसाच राहिला. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि काहीच सुचलं नाही की मी विनोद करतो.

"काय गं," मी म्हणालो, "लाजतेस का?"

तिनं दाराला टेकून श्वास जमवला. मग माझ्याकडं बघून हसली.

"हो ना," ती म्हणाली. "लाजून राह्यली."